काचेच्या पेटींतील तळें

ज्या घरीं मासा शिजत नाहीं त्या घरीं मासा पाळावा काय, असा प्रश्न एका वाचक भगिनींनीं आम्हांस पत्रानें विचारला आहे. प्रश्नाचें निमित्तही त्यांनीं लिहिलें आहे. धाकट्या मुलाच्या वाढदिवसास आप्तांपैकीं कोणी काचेचा एक गोल हंडा व त्यांत दोन गोल्डफिश भेट म्हणून दिले. घरांत माणसें अकरा. प्रत्येकानें कौतुकानें चिमूट चिमूट खाऊ टाकला. तिसऱ्या दिवशीं पाणी दुधाळ झालें. पांचव्या दिवशीं एक मासा उलटा तरंगूं लागला व सातव्या दिवशीं दुसरा. मुलानें दोन दिवस धड जेवण घेतलें नाहीं, आणि सासूबाई म्हणाल्या कीं, हें पाप पैसे देऊन घरांत आणण्याचें कारणच काय? आतां मुलास नवे मासे आणून द्यावे, कीं त्याचा हा नाद सोडवावा, असें पत्राच्या शेवटीं विचारलें आहे.

सासूबाईंचा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. जो जीव आपण त्याच्या जागेवरून उचलून आणतो त्याचें बरेंवाईट आपल्या माथीं येतें, हें त्यांचें म्हणणें आम्हांस सर्वथा मान्य आहे. मात्र येथें दोष मासा पाळण्याचा नसून हंड्याचा व घाईचा आहे. मुलानें नवे मासे अवश्य आणावे. पण ते सहा आठवड्यांनीं. तोंपर्यंत त्यानें तळें तयार करावें.

हे सहा आठवडे कशासाठीं, तें सांगतों. मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्याच पाण्यांत खातो व त्याच पाण्यांत मलविसर्जन करतो. त्याच्या शरीरांतील नत्राचा कचरा बहुतांशीं कल्ल्यांवाटें अमोनियाच्या रूपानें बाहेर पडतो. शिवाय न खाल्लेला खाऊ कुजला म्हणजे त्यांतूनही अमोनियाच निघतो. शाळेंत नवसागर व चुना एकत्र चोळून जो नाकांत झोंबणारा वायु आम्ही मुलांस हुंगावयास देत असूं, तोच हा. माशाच्या कल्ल्यांस तो अगदीं अल्प प्रमाणांतही जाळतो. मग गांवच्या तळ्यांतले मासे रोज कां मरत नाहींत? कारण तळाच्या मातींत, दगडांवर, पाणवनस्पतींच्या अंगावर डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंची वस्ती असते. त्यांतील कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात व दुसरे नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइटही विषच, तें रक्तांत शिरून प्राणवायु वाहून नेण्याचें काम बंद पाडतें. नायट्रेट मात्र त्या मानानें निरुपद्रवी असून झाडांचें तें खत आहे. विनोग्राड्स्की नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे काढून दाखविले. नव्या काचपेटींत त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. भगिनींचे मासे सात दिवसांत गेले याचा उलगडा एवढ्यावरून व्हावा.

वनस्पती व मासे यांचा संसार एकत्र मांडण्याची कल्पना जुनीच आहे. लंडन येथें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० च्या सुमारास एका भांड्यांत दोन गोल्डफिश व वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवून पाहिली. झाडाचीं जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यानें त्यांत गोगलगाई सोडल्या. त्या कुजकीं पानें खाऊं लागल्या आणि पाणी निवळलें. पुढें डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिकेनें १९९९ सालीं ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, पेटीच्या तळाशीं साधी बागेची माती घालून भरपूर झाडें लावलीं, तर महागड्या यंत्रांची फारशी गरज राहत नाहीं. दुकानदार ज्या वस्तूंची यादी पुढें करतो तींतील निम्म्या वस्तु येथें गळतात, म्हणूनही गृहस्थाश्रमी माणसास ही रीत सोयीची.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी घ्यावी. लहान पेटी सोपी पडेल असें नवख्यास वाटतें, पण खरें याच्या उलट आहे. थोड्या पाण्यांत चूक लौकर भोंवते. या मापाच्या पेटींत माती व वाळू वगळतां पन्नास ते पंचावन्न लिटर पाणी मावतें. काच, वाळू व दगड धरून सारें ओझें ऐंशी किलोंच्या घरांत जातें, तेव्हां तिला भक्कम व सपाट बैठक पाहिजे. पुस्तकांचें डुगडुगणारें कपाट चालणार नाहीं. पेटीखालीं थर्माकोलचा पातळ तक्ता घालावा. खिडकीचें ऊन थेट पडेल अशी जागा टाळावी, नाहींतर आठ दिवसांत पेटी शेवाळानें हिरवी होते.

मातीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण सारा पाया तोच आहे. बागेंतली साधी माती चाळून घ्यावी. शेणखत, गांडूळखत किंवा युरिया घातलेली माती नको. ती पाण्यांत गेली कीं अमोनिया सोडीत बसते. तुळशीच्या कुंडींतली माती चालेल काय असें कोणी विचारील. तुळशीस कोणी खत घालीत नसेल तर चालेल. पण एकत्र कुटुंबांत तशी खात्री देणारा मनुष्य मिळणें कठीण! अगदीं चिकण काळी मातीही नको, ती फुगते व पाणी गढूळ करते. मातीचा एक इंचाचा थर द्यावा, त्यावर धुतलेल्या नदीच्या भरड वाळूचा एक ते सव्वा इंचाचा. वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुवावी. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावें. बुडबुडे आले तर तींत चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे व ती पाणी जड करील असें समजावें. मातीचा थर याहून जाड केल्यास आंत हवा न पोंचून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतावें, म्हणजे थर ढवळत नाहीं. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. माणसास तो हितकर, पण मासे व वर सांगितलेले जंतु या दोहोंसही तो घातक. बादली एक दिवस-रात्र उघडी ठेवल्यास तो बराचसा उडून जातो. घाई असल्यास दुकानांत 'अँटी-क्लोरीन' म्हणून जें द्रव मिळतें त्याचे थेंब सांगितल्या मापानें टाकावे.

झाडें पहिल्याच दिवशीं व भरपूर लावावीं. तळाचा निम्म्याहून अधिक भाग झांकला पाहिजे. वॅलिस्नेरिया फितीसारख्या लांब पानांची असून ती दूर्वेप्रमाणें धावतीं खोडें सोडून पसरते. तिचा गड्डा, म्हणजे पानें जेथून फुटतात तो भाग, वाळूच्या वर राहिला पाहिजे. हायड्रिला आपल्या तळ्यांतून व विहिरींतून सहज सांपडते व झपाट्यानें वाढते. तळ्यांतून आणलेलें झाड मात्र पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यांत दहा मिनिटें बुडवून व स्वच्छ धुवून मगच लावावें, कारण त्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात व त्या लहान मासे खातात. जावा फर्न नांवाचें नेचें मिळाल्यास तें वाळूंत पुरूं नये. त्याचें आडवें खोड पुरलें कीं कुजतें. दोऱ्यानें दगडास बांधावें, म्हणजे तें आपण होऊन चिकटतें. साधा एलईडी दिवा रोज सात तास पुरे.

नंतर प्रतीक्षा. पहिल्या पंधरवड्यांत वॅलिस्नेरियाचीं जुनीं पानें वितळल्यासारखीं होतात, काचेवर तपकिरी थर धरतो, आणि घरांतील जाणतीं माणसें 'आम्ही सांगितलेंच होतें' असें म्हणूं लागतात. डगमगूं नये. आठवड्यास तिसरा हिस्सा पाणी बदलावें व गळालेलीं पानें काढावीं. मुलाचा हिरमोड होऊं नये म्हणून त्यास काम द्यावें: दोन दिवसांआड रिकाम्या पेटींत अगदीं चिमूटभर खाऊ टाकणें, कारण जंतूंसही अन्न हवें, आणि अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे जे थेंब मिळतात त्यांनीं आठवड्यास दोनदां पाणी तपासून आंकडे तारखेसह वहींत मांडणें. प्रथम अमोनिया चढून उतरतो, मागोमाग नायट्राइट चढून उतरतें. दोन्ही आंकडे सलग आठवडाभर शून्य आले कीं मासे आणावे. आमच्या मतें ती वही रसायनशास्त्राच्या अर्ध्या क्रमिक पुस्तकाच्या तोडीची आहे.

मासे कोणते? गोल्डफिश नकोच, तो वीतभर वाढतो, फार घाण करतो व झाडें उपटतो. एंजल मोठा झाला कीं लहान माशांस गिळतो. 'काच साफ करणारा' म्हणून जो सकरमाउथ गळ्यांत बांधतात तो फुटाहूनही मोठा होतो. फायटर दिसण्यांत राजबिंडा, पण दोन नर एकत्र आले कीं एक उरतो. पुण्यासारख्या थंडी पडणाऱ्या गांवीं आम्ही झेब्रा माशाची शिफारस करूं. हा आपल्याच देशींचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेच्या खोऱ्यांतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथांत त्याचें प्रथम वर्णन केलें. अंगावर निळे पट्टे, लांबी जेमतेम दीड इंच, आणि चपळ एवढा कीं संस्कृत कवींची शफरी डोळ्यांपुढें उभी राहावी. आज जगभरच्या प्रयोगशाळांतून याच माशावर संशोधन चालतें. माणसाच्या सुमारें सत्तर टक्के जनुकांस याच्यांत जोड सांपडते, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. तो घोळक्यानें राहणारा आहे. एकटादुकटा ठेवल्यास सोबत्याच्या मागें लागून त्यास बेजार करतो. म्हणून सहा ते आठ एकत्र असावे. तो उडी मारतो, तेव्हां पेटीस झांकण हवें. तळाशीं हिंडणारे कोरिडोरास त्याच्या संगतीस चांगले, तेही पांचसहा. मुंबई-कोंकणाच्या उबदार हवेंत गप्पी उत्तम, पण केवळ नर घ्यावे. गप्पीची मादी पिलांस जन्म देते, व एकदां नराचा संग झाल्यावर पुढें कित्येक महिने नराशिवाय वितें. दोन माद्यांच्या पोटीं वर्षांत पेटी भरून जाते. झेब्रा व लांब शेपटीचा गप्पी मात्र एकत्र नको, कारण झेब्रा शेपट्या कुरतडतो.

मासे एकदम सारे न आणतां प्रथम चार आणावे. पिशवी पाव तास पेटींत तरंगत ठेवावी, पेटींतलें पाणी थोडें थोडें पिशवींत घालावें व मग मासे जाळीनें उचलून सोडावे. दुकानचें पाणी आंत ओतूं नये. बाकीचे पंधरा दिवसांनीं.

आतां खऱ्या संकटाकडे वळूं, व तें म्हणजे आपलें प्रेमळ एकत्र कुटुंब. आपल्याकडे घाटावर बसून माशांस कणकेच्या गोळ्या घालणें पुण्याचें मानतात. नदीस तें पचतें. पन्नास लिटर पाण्यास पचत नाहीं. माशाचें पोट त्याच्या डोळ्याएवढें समजावें. दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल एवढाच खाऊ. भात, पोळी, बिस्किटें मुळींच नकोत. खाऊचा डबा मुलाच्या ताब्यांत असावा आणि आजोबांनींही त्याची परवानगी घ्यावी. आठवड्यांतून एक दिवस माशांस निर्जळी नव्हे तरी निराहार एकादशी घडविल्यास त्यांचें आरोग्य सुधारतेंच. सासूबाईंस आमची विनंती कीं, हें व्रत त्यांनीं आपल्या देखरेखीखालीं घ्यावें.

बाकी देखभाल थोडी. दर आठवड्यास पांचवा हिस्सा पाणी बदलावें. हवेच्या लहान पंपावर चालणारा स्पंजाचा फिल्टर बसवावा, व स्पंज मळला तर तो काढलेल्या जुन्या पाण्यांतच पिळावा. कोणी स्वच्छताप्रिय मनुष्य तो नळाखालीं चोळून पांढरा करील, तर सहा आठवड्यांची जंतूंची वस्ती एका सकाळीं वाहून जाईल. झाडें आहेत म्हणून पंप नको, असा युक्तिवाद कोणी करतात. पण दिवा मालवल्यावर झाडेंही प्राणवायु घेऊं लागतात, व पहांटे तो सर्वांत कमी असतो. सकाळीं मासे पृष्ठभागीं तोंडें काढून श्वास घेतांना दिसले तर गर्दी झाली, पाणी बिघडलें किंवा पंप बंद पडला असें समजावें.

मासे नकोसे झाले तर नदींत सोडून पुण्य जोडण्याच्या भरीस पडूं नये. परदेशी सकरमाउथ आपल्या नद्या-तलावांत जो माजला आहे तो अशाच सोडलेल्या व निसटलेल्या माशांपासून. दुकानदारास किंवा दुसऱ्या हौशी घरीं द्यावे.

भगिनींनीं ताजा कलमांत आणखी विचारलें आहे कीं, सुटींत सारें घर आठ दिवस कोंकणांत जातें, तेव्हां काय करावें. निघण्यापूर्वीं दोन दिवस थोडें पाणी बदलावें, दिव्यास टाइमर लावावा, पंप चालूं ठेवावा आणि खाऊचा डबा कुलुपांत घालावा. मोठे निरोगी मासे आठ दिवस उपाशी राहूं शकतात, व झाडांवर कांहीं ना कांहीं टिपतातच. शेजाऱ्यांस किल्ली खुशाल द्यावी, डबा देऊं नये.