२४ तासांचा बेड आणि १५,९०० ची बाटली

आजार 'खरा' केव्हा होतो? आपल्या मेडिक्लेमला विचाराल तर पेशंट २४ तास ऍडमिट झाला की. (डे-केअरची यादी सोडा.) ऍपेंडिक्सला पैसे, मोतीबिंदूला पैसे. पण बाळ घरी असेल, आई रोज सिरिंजने त्याच्या तोंडात औषध सोडत असेल आणि त्या औषधावरच ते तग धरून असेल, तर तो 'ओपीडी खर्च'. भरा खिशातून!

मी बोलतोय एसएमएबद्दल, म्हणजे स्पायनल मस्क्युलर ऍट्रॉफी. साधारण दहा हजार जन्मांमागे एक. एका जनुकात बिघाड असतो आणि मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. गंभीर प्रकारात बाळाला मान धरता येत नाही, मग गिळता येत नाही, मग श्वास. आई-बाप धडधाकट असतात, फक्त दोघंही वाहक. असे वाहक ४०-५० जणांत एक. आमच्या पुनावळ्यातल्या एकेका टॉवरमध्ये तीन-चार सहज निघतील, आणि त्यांना पत्ताही नसेल.

हा आजार आपल्याला कळला तो १६ कोटींच्या इंजेक्शनमुळे. २०२१ साली आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्याच एका कुटुंबाने लोकवर्गणीतून एवढे पैसे उभे केले. जूनमध्ये मुलीला इंजेक्शन मिळालं, ऑगस्टमध्ये ती गेली. असो. १६ कोटी कुठली पॉलिसी देणार, हे कारण तेव्हा चाललं.

आता नाही चालणार. रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध. रोश कंपनीची बाटली सहा लाखांच्या वर होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने रोशचं पेटंटचं अपील फेटाळलं, सुप्रीम कोर्टानेही दखल दिली नाही, आणि हैदराबादच्या नॅटकोने तेच औषध १५,९०० रुपये छापील किमतीला आणलं. आता हिशोब करू (सवय!). २० किलोच्या पुढच्या मुलाला रोज ५ मिलीग्रॅम, बाटलीत ६०. म्हणजे १२ दिवस. वर्षाला साधारण ३० बाटल्या, ४ लाख ७७ हजार. बाळांना त्याहून कमी.

समजा दहा हजार कर्मचाऱ्यांची कंपनी आहे आणि त्यात असं एक मूल आहे. माणशी वर्षाला ४८ रुपये. दोन वडापाव! विमा म्हणजे दुसरं काय असतं हो? एकट्याला झेपत नाही ते सगळ्यांनी थोडंथोडं उचलायचं. ते आपण व्हॉट्सऍपवर क्यूआर कोड फिरवून करतो आणि प्रीमियम भलत्याला देतो.

'जनुकीय आजार वगळलेत' ही पळवाटही उरलेली नाही. आयआरडीएआयने २०१९ मध्येच तशी मनाई केलीय. आजार कागदावर कव्हर्ड आहे, त्याचं औषध नाही! 'सरकार देतं की' म्हणणाऱ्यांसाठी: दुर्मीळ आजार धोरणात २०२२ पासून मर्यादा ५० लाखांची आहे, तीही ठरावीक केंद्रांतून, मुंबईत केईएम वगैरे. औषध मात्र आयुष्यभराचं.

'उद्या सगळेच दुर्मीळ आजारवाले मागतील.' मागू देत की. दुर्मीळ म्हणजेच थोडे. शिवाय सम इन्शुअर्डचं झाकण वर आहेच.

ग्रुप पॉलिसीच्या अटी आकाशातून पडत नाहीत. दरवर्षी रिन्युअलला एचआर आणि ब्रोकर बसून त्या ठरवतात. मॅटर्निटी, आई-वडील, पहिल्या दिवसापासून बाळ, हे सगळं कुणीतरी मागितलं म्हणून आलं. माझी मागणी एका वाक्याची आहे: दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीतल्या आजारावर डॉक्टरांनी लिहून दिलेलं घरी घ्यायचं औषध, ऍडमिट न होताही, सम इन्शुअर्डपर्यंत देय.

आमच्याकडे रिन्युअल एप्रिलमध्ये असतं. तुमच्याकडे कधी, ते सोमवारी विचारून ठेवा.