हाजीची दुसरी इनिंग

'मोठा खेळाडू चांगला कोच होत नाही' हे वाक्य आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅच असली की एकदा तरी ऐकू येतंच. वर उदाहरण द्यायला प्रत्येकाच्या खिशात मॅराडोना असतोच. मला मात्र हे वाक्य अर्धवट वाटतं आणि त्यासाठी मी घेऊन आलोय रोमानियाचा गेओर्गे हाजी.

1994 चा वर्ल्ड कप आपल्यापैकी कोणी लाइव्ह पाहिलेला नाही, पण कोलंबियाविरुद्धचा त्याचा तो गोल सगळ्यांनी पाहिलाय. डाव्या बाजूने, लांबून, जवळजवळ टचलाइनवरून बॉल उचलला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून थेट जाळ्यात! त्याच स्पर्धेत रोमानियाने अर्जेंटिनाला 3-2 ने घरी पाठवलं आणि मग क्वार्टर फायनलमध्ये स्वीडनकडून पेनल्टीवर हरले. हाजी रियल माद्रिदकडूनही खेळला आणि बार्सिलोनाकडूनही. गॅलातासरायबरोबर 2000 साली युएफा कप जिंकला (फायनलमध्ये रेड कार्ड खाऊन!). आणि एक मजेची गोष्ट म्हणजे त्याची सीनियर फुटबॉलमधली घडण ज्या क्लबात झाली त्याचं नाव 'स्पोर्तुल स्तुदेंत्सेस्क', म्हणजे सरळ सरळ 'विद्यार्थ्यांचा खेळ'. 1985-86 च्या सीझनला त्याने तिथे 31 गोल मारले.

इतकं सगळं पदरात असलेला माणूस कोच झाला आणि सुरुवातीलाच आपटला. 2001 मध्ये राष्ट्रीय संघ हातात आला, प्ले-ऑफमध्ये स्लोव्हेनियाकडून हरला आणि 2002 चा वर्ल्ड कप हुकला. झालं, गेला. मग तुर्कस्तानात बुर्सास्पोर, तेही थोडेच दिवस. गॅलातासरायला 2005 मध्ये कप जिंकून दिला, फायनलमध्ये फेनरबाचेला 5-1 असं धुतलं, तरी पुढच्या सीझनला तो तिथे नव्हता. तिमिशोआरा, मग 2007 मध्ये स्टेवा. तिथे टीम कोणी निवडायची यावरून मालकाशी वाजलं आणि काही महिन्यांतच बाहेर. 2010 ला पुन्हा गॅलातासराय, पुन्हा काही महिन्यांत नारळ. इथपर्यंतचा बायोडेटा वाचला तर टीव्ही रूमवाले बरोबर ठरतात.

पण 2009 मध्ये त्याने एक वेगळंच काम सुरू करून ठेवलं होतं. कॉन्स्टान्सा हे काळ्या समुद्रावरचं बंदर, हाजीचा जिल्हा. त्याच्या जवळच ओविदिऊला त्याने स्वतःचे पैसे घालून मुलांसाठी अकादमी काढली आणि जोडीला क्लब. क्लबचं नाव 'विइतोरुल', अर्थ 'भविष्य'. ऐकायला एखाद्या कोचिंग क्लाससारखं वाटतं, मान्य! 2012 मध्ये हा क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये आला. 2014 पासून हाजी स्वतः कोच. आणि 2017 मध्ये ही पोरांची टीम चक्क देशाची चॅम्पियन झाली. बुखारेस्टच्या बलाढ्य एफसीएसबीशी पॉइंट्स सारखे झाले होते, आपसातल्या सामन्यांच्या निकालावर विइतोरुल वर गेलं.

लगेच चॅम्पियन्स लीगच्या क्वालिफायिंगमध्ये सायप्रसच्या अपोएलने त्यांना बाहेर काढलं. घरच्या मैदानावर 1-0 जिंकले होते, परतीच्या मॅचमध्ये एक्स्ट्रा टाइमपर्यंत जाऊन 4-0 हरले. कोवळ्या टीमचं असंच होणार. हाजीने तरी पोरांना खेळवणं सोडलं नाही. 2021 मध्ये विइतोरुल फारूल या कॉन्स्टान्साच्या जुन्या क्लबमध्ये विलीन झालं आणि 2023 मध्ये फारूल चॅम्पियन. त्या वर्षीची एफसीएसबीविरुद्धची मॅच मिळाली तर जरूर बघा, 0-2 ने मागे असताना 3-2 ने जिंकलेत.

आता कोणी म्हणेल, स्वतःचाच क्लब, स्वतःच कोच, मग काढणार कोण? शिवाय मुलगा इयानिस विशीच्या आतच टीमचा कॅप्टन! हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. दुसऱ्या कुठल्या कोचला अशी सवलत मिळाली असती? नाहीच मिळाली, हाजीलाही आधीच्या पाच ठिकाणी मिळाली नव्हती. पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. माणूस तोच होता, फक्त वेळ मिळाला. आणि वेळ मिळाल्यावर जे निघालं ते फक्त घरच्यांपुरतं नव्हतं. 2024 च्या युरो कपमध्ये रोमानियाने युक्रेनला 3-0 हरवलं, त्यातला एक गोल राझवान मारिनचा होता. हा त्याच अकादमीतून आलेला. राष्ट्रीय संघाला 2001 मध्ये हाजी जे देऊ शकला नाही, ते त्याने असं मागच्या दाराने दिलं.

मला वाटतं, मोठ्या खेळाडूची अडचण ही असते की त्याला जे सहज जमतं ते कसं जमतं हे सांगता येत नाही. आपल्याकडेही टॉपरकडे डाउट घेऊन गेलं की तो 'अरे, सिंपल आहे' म्हणतो आणि तीन स्टेप्स गाळतो. पंचविशी-तिशीतल्या स्टार्सना हाजी काय शिकवणार होता? दहा-बारा वर्षांच्या पोराला मात्र पहिल्या स्टेपपासून दाखवावंच लागतं.

म्हणून जाता जाता आपल्या कॉलेज टीमबद्दल. आपल्याकडे फर्स्ट इयरचा मुलगा म्हणजे बॉल आणणारा आणि बाटल्या भरणारा. टीम फायनल इयरची. ते मे महिन्यात पास आउट होतात आणि जुलैत आपण पुन्हा शून्यावर. स्पोर्ट्स सेक्रेटरी आणि जिमखान्याच्या सरांना विनंती आहे, येत्या इंटर-कॉलेजला अकरात निदान तीन जण फर्स्ट आणि सेकंड इयरचे उतरवा. पहिल्याच राउंडला हरू कदाचित. तसे गेल्या वर्षी सगळे सीनियर घेऊनही हरलोच होतो!