ऑर्डर लिहायची तर सातबाऱ्यासारखी!

सातबारा तर आपण सगळ्यांनीच पाहिलाय. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाची, किती; नमुना १२ मध्ये पीक कोणतं. प्रत्येक माहितीची जागा ठरलेली, म्हणून शोधत बसावं लागत नाही.

आता तुम्ही होलसेलरला पाठवलेला मेसेज बघा. आधी मागच्या मालाची तक्रार, मधेच "दहा पाठवा". दहा काय, नग की बॉक्स? चंद्रपूरहून गोंडपिपरीला चुकीचा माल आला, तर परतीच्या भाड्यातच नफा जातो.

माझं स्पष्ट मत आहे: एका ओळीत एकच वस्तू. नाव, साइज, नग, दर याच क्रमाने. शेवटी तारीख. तक्रार वेगळ्या मेसेजमध्ये. दोन मिनिटं जास्त लागतील, पण एक फेरी वाचेल.