चिखल झाकून केलेला सौदा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात विश्वामित्री नदी बडोदे शहरात शिरली. धोक्याची पातळी २५ फुटांची. नदी ३५ फुटांच्याही वर चढली. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत ज्या आजव्याच्या तलावाने या शहराची तहान भागविली, त्याच तलावातून सोडलेले पाणी आणि वरून कोसळणारा पाऊस यांनी शहराची कोंडी केली. नदीतील मगरी वस्तीत आल्या, त्या पकडून नेण्यात आल्या, हे वृत्त साऱ्या देशाने चवीने वाचले. परंतु त्याच पाण्यात तळघरांत आणि अंगणांत ज्या असंख्य मोटारी बुडाल्या त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न थोड्यांनीच विचारला. मगर पकडली जाते, कारण ती दिसते. बुडालेली मोटार पाणी ओसरताच धुऊनपुसून बाजारात उभी राहू शकते, आणि तिचे दात कोणास दिसत नाहीत.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होते, हे कोणताही फिटर सांगेल. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असता कोणी अधीरपणे किल्ली फिरविली की कनेक्टिंग रॉड वाकतो. हा झाला उघड बिघाड. खरा घात सावकाश होतो. गालिच्याखालून जाणाऱ्या वायरींच्या जोडांत ओल राहते, तांब्यावर हिरवा गंज चढतो, आणि काही महिन्यांनी एखाद्या घाटात, रात्रीच्या वेळी, दिवे जातात. एअरबॅग वेळेवर उघडेल की नाही, ब्रेकची विद्युत यंत्रणा साथ देईल की नाही, याचा भरवसा उरत नाही. सौद्याच्या दिवशी मात्र गाडी गुळगुळीत चालते. सीटवर नवी कव्हरे, पायांखाली नवा गालिचा, आरशाला टांगलेली अत्तराची कुपी! (अत्तर फारच दरवळत असेल तर आमच्या वाचकांनी तेथेच सावध व्हावे.) सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवावे, सीटखालचे बोल्ट गंजले आहेत काय ते पाहावे, चिखल अशाच ठिकाणी दडून बसतो. पण हे सारे गिऱ्हाइकानेच हुडकून काढावे, आणि ज्या मालकाने आपली गाडी टपापर्यंत बुडताना सज्जातून डोळ्यांनी पाहिली त्याने मात्र मूग गिळून बसावे, हा न्याय कोणता?

आमचा रोख एकट्या दलालावर नाही. दलालास शिव्या देणे सोपे आहे आणि त्याला त्याची सवयही आहे. आमचा रोख आहे तो पांढरपेशा मालकावर. हा गृहस्थ एरवी सचोटीचा. कचेरीतील टाचणी घरी नेणार नाही. पण बुडालेली गाडी दलालाच्या गळ्यात घालताना तो म्हणतो, "मी दलालास सर्व सांगितले आहे, पुढचे तो जाणे." ज्याचा धंदाच लपविण्याचा, त्यालाच तेवढे सांगणे हे सांगणे नव्हे. ही तर कामाची वाटणी झाली! एकाने चिखल सोपवायचा आणि दुसऱ्याने तो झाकायचा.

त्याचे दुसरे म्हणणे अधिक विचारात घेण्याजोगे आहे. "पूर मी आणला नाही. विमा कंपनीने पाण्यात इंजिन चालू केल्याचे कारण दाखवून माझा दावा कापला. मग मीच का बुडावे?" या दुःखाची आम्हांस जाणीव आहे. वेगळे इंजिन-संरक्षण घेतले नसेल तर साध्या पॉलिसीत असे नुकसान बहुधा भरून मिळत नाही, आणि पॉलिसी विकताना ही गोष्ट ठळकपणे सांगितली जातेच असे नाही. त्याविरुद्ध भांडावे, आम्ही पाठीशी राहू. परंतु विमा कंपनीने बुडविलेले पैसे कर्ज काढून आयुष्यातील पहिली गाडी घेणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडून वा भाड्याची गाडी चालविणाऱ्या तरुणाकडून वसूल करण्याचा अधिकार या गृहस्थास कोणी दिला? ज्या अन्यायाने आपण पोळलो, तोच अन्याय एका अनोळखी माणसावर करून मोकळे व्हायचे, असाच याचा अर्थ नाही काय?

आता कायदा पाहू, कारण अशी माणसे अखेरीस कायद्याच्या आड उभी राहतात. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात एक घोडा आहे. मालकास ठाऊक आहे की घोडा सदोष आहे. तो लिलावात घोडा विकतो आणि काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दीडशे वर्षे लबाड विक्रेते या घोड्यावर स्वार होऊन निसटत आले आहेत. पण घोड्याचे दात पाहता येतात, त्याला चालवून त्याचा लंगडेपणा ओळखता येतो. गालिच्याखालची वायर कोणी पाहावी? आणि त्याच कलमात, त्या घोड्याच्या जरा वर, असेही लिहिले आहे की ठाऊक असलेली गोष्ट कृतीने लपविणे ही फसवणूकच होय. गाळ काढून नवा गालिचा अंथरणारा, गंजावर रंग फासणारा माणूस मौन पाळत नसतो. तो हातांनी खोटे बोलत असतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडविणे ही फसवणूक मानली आहे. आणखी एक विसंगती पाहा. घर विकणाऱ्याने खरेदीदारास सहज न दिसणारा दोष सांगितलाच पाहिजे, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. भिंत दुभंगण्याचा धोका सांगायचा, आणि ताशी ८० किलोमीटर धावणाऱ्या यंत्राचा नाही!

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. २००१ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे म्हणणे आमच्या कोणत्याही गुरांच्या बाजारात पटेल: चांगले कोणते आणि वाईट कोणते हे गिऱ्हाइकास कळेनासे झाले की तो सर्वच मालास वाईटाचा भाव देतो, आणि चांगला माल बाजारातून उठून जातो. म्हणजे ज्या बडोदेकराची गाडी पाण्यास शिवलीही नाही, त्याच्या जीजे-०६ क्रमांकाकडे पाहूनही गिऱ्हाईक नाक मुरडणार. जेथे १९०८ साली बँक ऑफ बडोदा उभी राहिली, त्या शहराची पत शेजाऱ्यांच्या लबाडीने अशी घसरावी, हे आम्हांस खटकते.

बडोद्याच्या पुराशी आपला संबंध काय, असे आमचे वाचक म्हणतील. जुनी गाडी ना-हरकत दाखला घेऊन कोणत्याही राज्यात जाते. अमेरिकेत तर बुडीत गाडीच्या नोंदणीपत्रावर तसा शिक्का मारण्याची पद्धत असूनही, ढिल्या नियमांच्या राज्यात नवी नोंदणी करून तो शिक्का धुऊन टाकण्याची युक्ती निघाली. राज्याच्या सीमेचा असाही उपयोग होतो, हे सीमाभागातील माणसास वेगळे सांगावयास नको. शिवाय २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा आणि कृष्णा काय करून गेल्या, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर कशी आली, हे आम्ही पाहिले आहे. गिऱ्हाईक आपणच असू असे नाही. विकणारेही आपणच असू.

सरकारचा भाग थोडक्यात सांगतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी गाडी संपूर्ण नष्ट धरते. पण मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम, नोंदणी रद्द करविण्यासाठी, गाडी खरोखर नष्ट वा कायमची निकामी व्हावी म्हणते. या फटीतून विम्याच्या हिशेबी मेलेली गाडी नोंदणीच्या हिशेबी जिवंत राहते. सांगाडा लिलावात जातो, दुरुस्त होतो आणि जुन्याच आरसी बुकावर पुन्हा रस्त्यावर येतो. चेन्नईच्या २०१५ च्या पुरानंतरही भिजलेल्या गाड्यांचे असेच लिलाव झाले. मालकाचे नाव, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत हे सारे सरकारी नोंदीत ठेवता येते, तर "पुरात बुडालेली" हे दोन शब्द लिहिण्यास कोणाचा हात जड होतो? विमा कंपन्यांनी दावा मंजूर करताच ही नोंद केलीच पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. सौद्याच्या कागदावर विकणाऱ्याने स्वहस्ते लिहावे की ही गाडी अमुक तारखेस अमुक उंचीपर्यंत पाण्यात होती व अमुक भाग बदलले आहेत. किंवा ती कधीही पाण्यात बुडालेली नाही. खाली सही करावी. किंमत उतरली तर उतरो. सुट्या भागांचा व्यापारी आणि जाणता फिटर अशी गाडी उघड्या डोळ्यांनी घेतोच. आणि जो हे लिहून देण्यास कां कूं करील त्याची गाडी घेऊ नये, मग तो शेजारी असो, सोयरा असो, की बडोद्याहून आलेला आपला मराठी माणूस असो.