हजेरीपटाबाहेरची माणसं

पांढुर्णा-सौंसर म्हटलं की आपल्याकडच्या मराठीप्रेमींचा ऊर भरून येतो. मध्य प्रदेशात असूनही घराघरात मराठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, संत्र्याच्या बागा! २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा मीही खूष झालो. पण तिथे मराठी किती जण बोलतात हे विचारणारे आपण, त्या मराठी माणसाला मजुरी किती मिळते, हे कधी विचारतो का? मी तरी विचारलं नव्हतं.

सौंसर तालुक्यात बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. शेजारी छिंदवाड्यात परासियाच्या कोळसा खाणी. कोळशात संघटनांची ताकद जुनी. मे २०२३ मध्ये त्यांनी कोल इंडियाशी अकरावा वेतन करार केला, १९ टक्के वाढ मिळवली. समोरासमोर बसून मिळवली, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. मात्र हा करार कायम कामगारांचा. त्याच खाणीतल्या कंत्राटी मजुराची मजुरी वेगळी ठरते.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. संघटना अनेक असतील आणि एकीला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल, तर तीच एकटी वाटाघाट करणार. ऐकायला किती न्याय्य! पण ५१ टक्के कुणाचे? त्या कारखान्याच्या हजेरीपटावरच्यांचे. कंत्राटी कामगाराचं नाव असतं ठेकेदाराच्या हजेरीपटावर. यंत्र तेच, पाळी तीच, घाम तोच. मोजणीत मात्र तो नाही. त्याने भांडायचं ठेकेदाराशी, आणि ठेकेदार बोट दाखवणार मालकाकडे.

‘संघटनांनीच गिरण्या बुडवल्या’, असं लगेच कुणीतरी म्हणेल. १९८२चा मुंबईचा संप आठवा. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, पण कायद्याने मान्यता होती दुसऱ्याच संघटनेला. ज्याच्यामागे माणसं, त्याच्याशी बोलणी नाहीत. ज्याच्याशी बोलणी, त्याच्यामागे माणसं नाहीत. मग तडजोड व्हायची कशी?

गोटमारीतसुद्धा दोन्ही काठ आमनेसामने असतात. इथे एका काठाला अर्ध्या माणसांना उभंच राहू द्यायचं नाही, आणि वर शांतता आहे म्हणायचं!

मागणी साधी आहे. कारखान्याच्या आवारात राबणारा प्रत्येक जण मोजा, आणि बोलणीला ठेकेदारासोबत मूळ मालकही बसवा.

सौंसर लांब वाटतं? मग एकदा वेर्ण्याला पाळी सुटताना गेटवर उभे राहा. बाहेर पडणाऱ्यांपैकी कंपनीच्या हजेरीपटावर कितीजण आहेत, ते विचारा. मग बोलू.