बेणं बदला, पण एकाच वाणावर विसंबू नका!

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला कधी एसटीनं गेलायत? दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पुढच्या वेळी एखादं पान उलटं करून बघा. खालच्या बाजूला बारीक तपकिरी फोड दिसले आणि बोटाला गंजासारखी भुकटी लागली, तर समजा तांबेरा आला. ही बुरशी दमट, गार हवेत वाढते आणि वाऱ्यावर शेजारच्या फडात जाते. पानं करपली की उसाचं वजन घटतं.

‘मग फवारणी करा की!’ असं तुम्ही म्हणाल. पण डोक्याच्या वर गेलेल्या आडसाली उसात पाठीवर पंप घेऊन शिरून दाखवा! म्हणून खरा उपाय बेण्यात आहे. रोगाला दाद न देणारा वाणच हवा.

हे आपल्याकडे आधी घडलंय. १९५० च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई प्रांतात ‘को ४७५’ या वाणावर तांबेरा इतका पडला, की तो वाण मागे पडला. अलीकडचं उदाहरण उत्तर प्रदेशचं. तिथलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास क्षेत्र ‘को ०२३८’ या एकाच वाणाखाली गेलं आणि लाल कूज या बुरशीनं तोच वाण गाठला.

नवा वाण लगेच मिळत नाही. उसाला तुरा यावा आणि संकर करता यावा, यासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट थेट आंबोलीला जाते. पाडेगावचं संशोधन केंद्रही याच कामात आहे. निवड, चाचण्या, पुन्हा चाचण्या यात दहा-बारा वर्षं जातात. म्हणजे आज केलेला संकर शेतात येईल, तेव्हा तुम्ही तिशी ओलांडलेली असेल.

शास्त्रज्ञांना तपकिरी तांबेऱ्याविरुद्ध ‘ब्रू-१’ हा दमदार जनुक सापडलाय. त्याची खूण रोपातच तपासता येते, त्यामुळे निवड लवकर होते. पण सगळी भिस्त एकावरच ठेवणं धोक्याचं. ऑस्ट्रेलियात ‘क्यू १२४’ हा वाण नारिंगी तांबेऱ्याला दाद देत नव्हता. २००० मध्ये बुरशीनंच रूप बदललं आणि तिथलं जवळपास निम्मं पीक सापडलं.

आता खरी गोम. एफआरपी ठरते साखर उताऱ्यावर. शेतकऱ्याला हवं टनेज, कारखान्याला हवा उतारा. रोगप्रतिकारासाठी जादा पैसा कुणीच देत नाही. तांबेरा आला की नुकसान मात्र एकट्या शेतकऱ्याचं. मग लोक वर्षानुवर्षं ‘८६०३२’च लावतात, यात त्यांची काय चूक? कारखान्यांनी लागवडीच्या धोरणातच दोन-तीन वाणांची वाटणी केली आणि बेणे मळ्यातून निरोगी बेणं दिलं, तर हे चित्र बदलेल.

दौंड-शिरूरकडचे असाल, तर सुट्टीत घरी एवढंच विचारा, ‘आपला वाण कोणता? बेणं कुठून आणलं? शेजाऱ्यांचाही तोच आहे का?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर काळजी एकट्या तुमच्या घराची नाही, अख्ख्या शिवाराची आहे.