पीटीच्या मास्तरकीसाठी वावर विकू नका

पहिली वेचणी घरात आली की कोरडवाहू शेतकरी हिशेबाला बसतो. सोसायटीचे किती, कृषी केंद्रवाल्याचे किती, पोराच्या शिक्षणाचे किती. या तिसऱ्या रकान्यात बऱ्याच घरांत बी.पी.एड. हे नाव असते. पोरगा कबड्डीत चांगला, पदवीधर, अंगाने धट्टाकट्टा. 'पीटीचा मास्तर होईल' म्हणून बाप दोन वर्षांची फी भरतो. पुढे नोकरीसाठी संस्थाचालकाला 'देणगी' द्यायची म्हणून एक-दोन एकर वावर काढतो. यातली पहिली गोष्ट समजून उमजून करावी, दुसरी कधीही करू नये.

पोराला शेतीत राहायचे नाही याचा दोष पोराला देण्यात अर्थ नाही. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिना १८,००० रुपये मानधन ठरले आहे. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे महिन्याला जवळजवळ सव्वादोन क्विंटल कापूस झाला, आणि तोही हमीभाव खरोखर हाती पडला तर! वर बोंडअळी नाही, फवारणी नाही, व्यापाऱ्याची कट्टी नाही. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी. हाच हिशेब शेतीत जुळला असता तर किती पोरे नोकरीच्या रांगेत उभी राहिली असती?

हे शिक्षण हलके आहे, असेही कोणी समजू नये. आपल्या कापूसपट्ट्यातच, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि देशी व्यायामप्रकार जगाला दाखवले. शाळेतल्या शिक्षकाला शरीररचना शिकावी लागते, दुखापतीवरचा प्रथमोपचार यावा लागतो, खो-खोचे मैदान दोरी-चुन्याने आखता आले पाहिजे, आणि पन्नास पोरांना एका शिट्टीवर पूर्ण तासभर कामाला लावता आले पाहिजे. ज्याला हे जमते तो मास्तर गावाची एक पिढी सुधारतो. शाळेत बाई शिक्षिका असेल तर सातवी-आठवीच्या मुलीही मैदानावर उतरतात. म्हणून पोरीलाही या वाटेने पाठवायला हरकत नाही.

वाट मात्र नीट माहीत हवी. पूर्वी हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. २०१४ च्या नियमांनी तो दोन वर्षांचा झाला. बारावीनंतर तीन वर्षे पदवीची आणि दोन ही, म्हणजे पाच वर्षे पोर पोसावे लागते. प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा आहे, तिच्यात लेखी पेपर आहे आणि मैदानी चाचणीही आहे. पदवीचे गुण आणि खेळातल्या सहभागाचे प्रमाणपत्र लागते. शाळेपासूनची तालुका-जिल्हा स्पर्धांची प्रमाणपत्रे सातबाऱ्यासारखी जपून ठेवा. शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण खेळातल्या प्राविण्यावर मिळते, बी.पी.एड.च्या पदवीवर नाही. ही गल्लत करून पैसे मागणारा दलाल दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता खरा प्रश्न. पदवी मिळाली, पण जागा कुठे आहे? २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुले असतील तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक, आणि तोही अर्धवेळ. आपल्या लहान गावांच्या शाळा या आकड्याच्या आतच राहतात. म्हणजे कोरडवाहू गावाच्या पोराला खेळाचा शिक्षक मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला नाही! २०११ च्या पटपडताळणीनंतर २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबवली गेली. पुढे पवित्र पोर्टल आले. त्यासाठीची अभियोग्यता परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ साली झाली. आठ वर्षांत तीन वेळा! त्यातही खेळाच्या शिक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या जागा थोड्याच.

सरकारने वस्तूची टंचाई केली की काळाबाजार आपोआप उभा राहतो. बियाण्यात आणि खतात हे आपण भोगले आहे. नोकरीचेही तसेच आहे. जागा थोड्या, पदवीधर फार, मधे संस्थाचालक. तो देणगी घेतो, पावती देत नाही. बुडाली तर दावा कशाच्या आधारावर लावणार? नेमणुकीचा कागद हातात पडला तरी शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ क्रमांक मिळेपर्यंत सरकारी पगार निघत नाही. तोवर पोरगा फुकट राबतो आणि विकलेल्या वावरात दुसऱ्याची तूर डोलते. कापसाचे एक साल बुडाले तर पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येते. वावर गेले की मृग आपला राहत नाही.

म्हणून शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, पोराला मैदानाची खरी ओढ असेल, प्रवेश गुणांवर मिळत असेल आणि फी घरच्या ऐपतीत बसत असेल तर जरूर शिकवा. ते शिक्षण वाया जात नाही. पोलीस भरतीची मैदानी तयारी करून घेणारा जाणता माणूस गावाला हवाच आहे. पण नोकरीच्या बोलीवर जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, हे घरात सगळ्यांसमोर ठरवा.

आणि एवढ्यावर थांबू नका. जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या शाळेचा आकडा लिहून आणा. सहावी ते आठवीचा पट किती, मैदान आहे का, खेळाचे साहित्य आहे का, पट शंभरावर असेल तर निदेशक नेमला आहे का. कायद्यात आहे आणि शाळेत नाही, त्याचा जाब गटशिक्षणाधिकाऱ्याला विचारू. कायद्यातच नाही, त्यासाठी मागणी करू: चार-पाच लहान गावांच्या शाळांना मिळून एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक द्या. त्यातून गावच्या पोरांना मास्तर मिळेल आणि शिकलेल्या पोरांना काम. जागा उघडपणे निघू लागल्या की संस्थाचालकाला वावर देण्याची गरजच उरणार नाही.